स्वस्तांत मोटार रंगविणें

मोटारीचा रंग हा विषय प्रथमदर्शनीं कांहींसा उथळ वाटण्याचा संभव आहे. गाडी धांवते ती यंत्राच्या बळावर. रंगाचें काम केवळ मिरविण्याचें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु छत्रीचें कापड ज्याप्रमाणें शोभेसाठीं नसतें, त्याप्रमाणें मोटारीचा रंगही केवळ शोभेसाठीं नसतो. पत्रा आणि पाऊस या दोघांमध्यें उभा असलेला तो पहारेकरी होय. तो जागेवरून हलला कीं गंज आंत शिरतो, आणि गंज एकदां आंत शिरला म्हणजे यंत्र कितीही धडधाकट असलें तरी गाडीचें आयुष्य सरत जातें.

यांत दुसरी अडचण अशी कीं, रंग खराब होतो तो गाडी जुनी झाल्यावर. म्हणजे गाडीची किंमत उतरलेली असते तेव्हां. चांगल्या कारागिराकडून सबंध गाडी नव्यानें रंगवून घ्यावयाची, तर तिचा खर्च अनेकदां गाडीच्या किमतीहून अधिक भरतो. मग सामान्य मनुष्यानें करावें काय? थोडक्या पैशांत रंग होऊं शकतो काय? होत असेल तर तो स्वस्त कशामुळें होतो, आणि त्या स्वस्ताईची किंमत शेवटीं कोण देतो? आज या प्रश्नांचा थोडा उलगडा करण्याचा विचार आहे.

या प्रश्नाचें उत्तर एका मोठ्या व्यापाराच्या रूपानें जेथें शोधलें गेलें, तो देश अमेरिका. मी रंगारी नव्हें. सारें आयुष्य फळ्यावर खडूनें लिहिण्यांत घालविलेला शिक्षक आहें. परंतु न्यू जर्सी येथें पुतण्याकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला, आणि त्याच्या एका जुन्या गाडीच्या निमित्तानें हा सर्व प्रकार मला जवळून पाहावयास मिळाला. त्या गाडीची हकीकत पुढें येईलच. प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगतों.

मोटारी नव्या निघाल्या त्या वेळीं त्यांस रंग देण्याची रीत घोडागाडीचीच होती. ब्रशानें एक थर द्यावयाचा, तो वाळूं द्यावयाचा, घासावयाचा, पुन्हां थर द्यावयाचा. आणि शेवटीं रोगण. एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ या काळांत केवळ काळ्या रंगांत मिळे. हें काळें रोगण स्वस्त, टिकाऊ आणि भट्टींत लवकर वाळणारें होतें. पुढें ड्यू पाँ कंपनीचें ‘ड्यूको’ नांवाचें रोगण निघालें, आणि जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर तें वापरण्यांत आलें. हें रोगण ब्रशानें न लावतां हवेच्या दाबानें फवारावयाचें असे, आणि तें आठवड्यांऐवजीं तासांत वाळे. मोटार रंगविणें हें स्वस्त होऊं शकतें, याचा पाया येथें घातला गेला. जें काम महिनाभर जागा अडवून बसे, तें आतां एका दिवसाच्या आटोक्यांत आलें.

या सोयीचा व्यापारी उपयोग ज्यानें ओळखला, तो अर्ल शाइब नांवाचा गृहस्थ. १९३७ सालीं लॉस एंजल्स शहरांत त्यानें मोटारी रंगविण्याचें दुकान काढलें. कोणतीही मोटार, कोणताही रंग, आणि भाव एकच, हें त्याचें सूत्र होतें. पुढें दूरचित्रवाणीच्या जाहिरातींत तो स्वतः उभा राहून २९ डॉलर ९५ सेंट हा भाव सांगे; तो आंकडा अमेरिकेंत जवळजवळ म्हणीसारखा झाला. त्याच्या दुकानांच्या शाखा देशभर पसरल्या. शाइब १९९२ सालीं वारला, आणि त्याच्या कंपनीचा कारभार २०१० सालीं बंद पडला.

तोंवर दुसरें एक नांव पुढें आलेलें होतें. अँथनी मार्टिनो नांवाच्या उद्योजकानें १९७२ सालीं डेलावेअर संस्थानांतील विल्मिंग्टन येथें ‘मॅको’ हें दुकान सुरू केलें. यापूर्वीं त्यानें मोटारींच्या गिअरपेट्या दुरुस्त करणाऱ्या दुकानांची ‘आम्को’ नांवाची सांखळी उभी केली होती. दोन्ही नांवें त्यानें स्वतःच्या नांवाच्या आद्याक्षरांवरूनच बनविलीं. २००८ सालापासून ‘मॅको’ ही ड्रिव्हन ब्रँड्स या कंपनीच्या ताब्यांत असून तिचीं दुकानें आज शेंकड्यांनीं मोजावीं लागतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेणें अवश्य आहे. दुकानावरची पाटी एक असली तरी आंतला मालक एक नसतो. मूळ कंपनी आपलें नांव, जाहिरात व कामाची पद्धत देते. स्थानिक मालक त्याबद्दल तिला आरंभीं एक रक्कम आणि पुढें उत्पन्नाचा कांहीं हिस्सा देतो. दुकान, नोकर आणि त्यांच्या हातचें काम हीं त्या मालकाचीं. म्हणून एका गांवच्या शाखेंत उत्तम काम झालें, यावरून शेजारच्या गांवीं तसेंच होईल असें अनुमान काढतां येत नाहीं. एकाच शिक्षणखात्याच्या दोन शाळा सारख्याच चालतात असें कोण म्हणेल?

आतां स्वस्ताईचा हिशेब मांडूं. रंगाच्या खर्चाचे तीन भाग पडतात: माल, जागा आणि मजुरी. सांखळीचें दुकान रंग एकदम मोठ्या प्रमाणावर घेतें, म्हणून माल स्वस्त पडतो. फवारणीची बंद खोली आणि वाळविण्याची भट्टी ही महागडी साधनें; त्यांतून एका दिवसांत एक गाडी न काढतां अनेक गाड्या काढल्या, कीं जागेचा खर्चही वांटला जातो. या दोन्ही बचती निर्दोष आहेत. त्यांत गिऱ्हाइकाचें कांहीं जात नाहीं.

परंतु खरा खर्च आहे तो मजुरीचा. आणि मजुरींतही फवारणीचा वेळ अगदीं थोडा असतो. सराईत रंगारी एक गाडी पाऊण-एक तासांत फवारून मोकळा होतो. वेळ लागतो तो त्यापूर्वींच्या तयारीस. गाडी धुवावयाची, मेण व तेलकटपणा काढावयाचा, जुना रंग घासावयाचा, गंज खरवडावयाचा, खड्डे भरून सपाट करावयाचे, उघड्या पडलेल्या पत्र्यास अस्तर द्यावयाचें, दिवे, आरसे, मुठी व रबरी पट्ट्या काढावयाच्या किंवा कागदानें झांकावयाच्या. हें सारें जीव ओतून केल्यास कित्येक दिवस लागतात. स्वतंत्र कारागीर जे हजारों डॉलर मागतो, ते मुख्यतः या दिवसांचे. सांखळीच्या दुकानांत सर्वांत खालच्या पायरीचा रंग कांहीं शें डॉलरांत होतो, तो हे दिवस गाळल्यामुळें. तेथें गाडी धुतात, एकवार हलकेच घासतात, कागद चिकटवितात आणि फवारतात.

हें गाळलेलें काम कशासाठीं असतें, तें समजण्यास रंगाची रचना पाहावी लागेल. आजकालच्या कारखान्यांत पत्र्यावर प्रथम फॉस्फेटचा संस्कार करतात. मग सबंध सांगाडा अस्तराच्या हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें तें अस्तर कानाकोपऱ्यांत चिकटवितात. त्यावर सपाटी आणणारें दुसरें अस्तर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. या साऱ्या थरांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थोडक्यांत, आपल्या डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढीच ही सारी तटबंदी. उन्हांतील अतिनील किरणांनीं वरचें पारदर्शक रोगण हळूहळू ठिसूळ होतें आणि पोपडे धरूं लागतें. टप आणि बॉनेट यांवर ऊन थेट पडतें, म्हणून आरंभ तेथून होतो.

नवा रंग जुन्यावर टिकतो तो दोन कारणांनीं: खालचा थर स्वतः घट्ट असावा, आणि त्यावर बारीक ओरखडे असावेत, म्हणजे नव्या रंगास पकड मिळते. हें तत्त्व मला कोणा पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. आमच्या शाळेंत दर मे महिन्याच्या सुटींत फळ्यांस काळा रंग देत. एका वर्षीं जुना शिपाई फळा ओल्या फडक्यानें पुसून, कांचकागदानें घासून, वाळवून मग रंग देई. तो रंग दोन-दोन वर्षें हलत नसे. पुढें एका वर्षीं दुसऱ्यानें खडूच्या धुळीवरच ब्रश फिरविला. जून महिन्यांत फळे कसे झळकत होते! दिवाळीपर्यंत त्यांचे पोपडे वर्गांत गळूं लागले. रंग दोन्ही वेळां एकाच डब्यांतला होता.

आतां पुतण्याच्या गाडीकडे वळतों. ती सोळा वर्षांची, निळ्या रंगाची एक जपानी गाडी होती. मी तेथें जाण्यापूर्वीं दोन वर्षें, त्याचें शिक्षण चालू असतांना, त्यानें ती अशाच एका सांखळीच्या दुकानांत रंगविली होती. बॉनेट व टप यांवरील पारदर्शक रोगण तेव्हांच सुटत चाललें होतें. शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून सुमारें सहाशें डॉलर त्यानें मोजले. गाडी परत आली ती नव्यासारखी चमकत. एक हिवाळा गेला, आणि नव्या रंगाचे तळहाताएवढे तुकडे जुन्या रोगणासकट निघूं लागले. मीं गाडी प्रथम पाहिली तेव्हां ती कात टाकणाऱ्या सापासारखी दिसत होती.

“तुम्ही विचारूं नका, काका,” तो म्हणाला, “मी तेथें गेलों होतों. त्यांनीं माझीच सही मला दाखविली.”

तो सहीचा कागद मीं मागून घेतला व चष्मा लावून वाचला. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, खालचा जुना थर सुटल्यास हमी नाहीं. गंज पुन्हां वर आल्यास हमी नाहीं. पृष्ठभागाची विशेष तयारी हवी असल्यास तिचा आकार निराळा. म्हणजे कायद्यानें दुकानाची बाजू बळकट होती. पुतण्यानें कागद वाचला नव्हता; विद्यार्थ्यानें प्रश्नपत्रिका न वाचतांच उत्तरें लिहावींत, तशांतला हा प्रकार. परंतु दोष एकट्या त्याच्या माथीं मारणें मला पटलें नाहीं. ज्या मनुष्यानें गाडी तपासून भाव सांगितला, त्याच्या डोळ्यांसमोर ते सुटलेले पोपडे होते. ‘हा रंग वर्षभर टिकणार नाहीं,’ हें एक वाक्य तो बोलला असता, तर एका विद्यार्थ्याचे सहाशें डॉलर वांचले असते. न सांगणें हें खोटें सांगण्यापासून फार दूर नसतें.

पुतण्याचें मत त्यानंतर असें झालें कीं, स्वस्त रंग म्हणजे निव्वळ लुबाडणूक. मला तें पुरतें मान्य होईना. ज्या दुकानांत तयारी विकतच नाहींत, तेथून ती मिळाली नाहीं यांत नवल तें काय? मग तयारी आपणच केली तर? मीं ही कल्पना काढली तेव्हां तो हंसला. परंतु दुसऱ्या आठवड्यांत आम्ही निराळ्या गांवच्या एका शाखेंत चौकशीस गेलों.

यावेळीं आम्ही प्रथम भाव न विचारतां आवारांत उभ्या असलेल्या तयार गाड्या पाहिल्या. नवें काम कसें झालें आहे हें पाहावयाचें तर गाडीच्या मध्यभागाकडे पाहूं नये, कडांकडे पाहावें. खिडकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत काय, मुठीच्या कडेला जुन्या रंगाची रेघ राहिली आहे काय, चाकाच्या वरच्या कमानींत फवारा पोंचला आहे काय, हें पाहिलें म्हणजे हात कसा आहे तें कळतें. नंतर मालकास आम्ही सरळ प्रश्न केला: सुटलेलें रोगण आम्ही स्वतः काढून, घासून आणलें तर तुम्हांस चालेल काय? कित्येक दुकानांस हें चालत नाहीं, कारण अडाणी हातानें घासलेली गाडी त्यांचें काम वाढविते. हा मालक समंजस निघाला. त्यानें कांचकागदाचे नंबर लिहून दिले, आणि दोन गोष्टी बजावल्या: पत्रा उघडा पडल्यास तो तसाच ओला किंवा फार वेळ ठेवूं नका, आणि शेवटची धूळ पुसल्यावर उघड्या बोटांनीं कोठेंही हात लावूं नका, बोटांचें तेल रंगास सोसत नाहीं.

तीन शनिवार-रविवार आम्ही काका-पुतणे दारापुढें गाडी घासत होतों. तो क्रम सांगतों. प्रथम गाडी साबणानें धुतली, आणि मग मेण व चरबी काढणारें द्रावण स्वच्छ फडक्यानें लावून दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसून घेतलें. हें घासण्यापूर्वींच करावें लागतें. नाहींतर कागद तोच तेलकटपणा ओरखड्यांत चोळून बसवितो. गाडीस लावण्याच्या कित्येक मेणांत सिलिकोन असतें. त्याचा अंश राहिला तर नवा ओला रंग तेथून मागें सरतो व माशाच्या डोळ्यासारखे वाटोळे खळगे पडतात.

मग सुटलेल्या रोगणाची कड धरून तें घट्ट थरापर्यंत मागें घासीत नेलें. या कामास १८० नंबरचा जाड कागद. सुट्या व घट्ट थराच्या सीमेवर पायरी राहूं नये. ती राहिली तर नव्या रंगाखालून नकाशासारखी उमटते. डोळ्यांस ती दिसत नाहीं. माझ्याकडे काम आलें तें येथेंच. पातळ कापडाखालीं तळहात ठेवून, डोळे मिटून हात फिरविला कीं कड लागते. पुतण्या घाशी आणि मी तपाशी. आयुष्यभर वह्या तपासल्याचा तेवढा उपयोग झाला. यानंतर ३२० नंबरचा कागद आणि शेवटीं सबंध गाडीस ४०० नंबरचा, पाणी लावून. गाडी कोठेंही चकाकतां कामा नये; चकाकी राहिली तेथें पकड नाहीं, असें समजावें. शेवटच्या शनिवारीं दिवे, मुठी, नांवाची पट्टी व आरसे काढून, त्यांचे खिळे निरनिराळ्या पाकिटांत घालून वर चिठ्ठ्या लिहिल्या. कोरडें घासतांना धुळीपासून बचाव म्हणून आम्ही नाकातोंडावर मुखवटा बांधीत असूं.

काढलेले आरसे व मागचे दिवे गाडींत ठेवून, तपासणीच्या हद्दीबाहेर न जातां दिवसाउजेडीं गाडी दुकानांत न्यावी, असें म्हणणें सोपें आहे. परंतु दिव्यांवांचून व आरशांवांचून गाडी रस्त्यावर आणणें हें कायद्याच्या विरुद्ध आहे. म्हणून आम्ही मुठी व पट्टी घरीं काढली, आणि दिवे-आरसे तात्पुरते बसवून दुकानाच्या आवारांत काढले. ही लहानशी गोष्ट सांगतों ती एवढ्यासाठीं कीं, उत्साहाच्या भरांत ती हटकून विसरली जाते.

तीन ठिकाणीं पत्रा उघडा पडला होता. तेथें दुकानानें अस्तर दिलें व त्याचे पैसे निराळे घेतले. ते योग्यच होते. रंग आम्ही मूळचाच निळा ठेवला. यालाही कारण आहे. रंग बदलला तर दारांच्या आंतल्या कडा, डिकीचा आंतला भाग, बॉनेटची खालची बाजू हीं सारीं जुन्याच रंगाचीं राहतात. तीं रंगवावयाचीं तर मजुरी दुप्पट होते. दार उघडतांच लाल गाडीच्या पोटांत निळी गाडी दिसावी, यांत शोभा कसली? शिवाय आपल्याकडे नोंदणीच्या दाखल्यावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलल्यास आर. टी. ओ. कचेरींत नोंद करून घ्यावी लागते, ही गोष्ट महाराष्ट्रांतील वाहनधारकांनीं विसरूं नये.

सारा खर्च नऊशें डॉलरांच्या आंत बसला. काम कसें झालें, तें प्रामाणिकपणें सांगतों. चार हातांवरून पाहतां गाडी उत्तम दिसे. जवळ जाऊन पाहिलें तर टपावर धुळीचे दोन-तीन कण बसलेले होते, आणि एका खिडकीच्या कडेला कागदाची रेघ सरळ आली नव्हती. प्रदर्शनांत मांडण्यासारखी ती गाडी नव्हती. परंतु त्यानंतर दोन हिवाळे गेले; बर्फ पडला, रस्त्यांवर मीठ टाकलें गेलें; आणि रंग सुटला नाहीं, असें पुतण्या कळवितो.

तेव्हां जो कोणी अशा दुकानांत जाईल, त्यानें हे प्रश्न तोंडानें विचारावेत व त्यांचीं उत्तरें कागदावर घ्यावींत. या भावांत घासण्याचें काम किती आहे? उघड्या पत्र्यास व प्लास्टिकच्या बंपरास निराळें अस्तर देणार काय? रंग एकेरी आहे कीं वर पारदर्शक रोगण आहे? कोणते भाग काढणार व कोणते झांकणार? हमी किती वर्षांची, आणि ती कोणत्या कारणानें रद्द होते? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत महत्त्वाचें. हमी काय देते यापेक्षां ती काय देत नाहीं, हें आधीं वाचावें. काम झाल्यावर गाडी उन्हांत उभी करून पाहावी, दुकानाच्या छपराखालीं पाहूं नये. आणि रंग पुरता मुरेपर्यंत, म्हणजे महिना-दोन महिने, तिच्यावर मेण चढवूं नये.

स्वस्त रंग कोठें घेऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. गंजानें पत्रा आंतून पोखरला असेल तर त्यावर रंग देणें म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईस रोगण फांसणें होय. सहा महिन्यांत तेथें फोड येणार. तसेंच गाडी विकण्यापूर्वीं तिचे दोष झांकण्यासाठीं रंग देणें, हा व्यवहार शहाणपणाचाही नव्हे आणि सचोटीचाही नव्हे. उलटपक्षीं, यंत्र चांगलें आहे, पत्रा घट्ट आहे, फक्त वरचा रंग विटला आहे, आणि गाडी आणखी पांच-सात वर्षें वापरावयाची आहे, अशा गाडीस हा मार्ग योग्य आहे.

आणखी एका मनुष्याविषयीं बोलल्यावांचून हा विषय संपवितां येत नाहीं. तो म्हणजे फवारणारा रंगारी. आजच्या टिकाऊ रंगांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें घट्ट करणाऱ्या औषधांत असतात. त्यांचा सूक्ष्म फवारा श्वासावाटे गेला तर दम्याचा विकार जडतो, आणि एकदां जडला म्हणजे पुढें अगदीं अल्प अंशानेंही झटका येऊं शकतो. साधें फडकें किंवा धुळीचा मुखवटा यापुढें निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा नळीनें पुरविणारा मुखवटा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २००८ सालीं नियम केला व जुन्या दुकानांस तो २०११ सालापासून लागू झाला. त्याप्रमाणें फवारणी गाळण्या बसविलेल्या बंद खोलींत, कमी उधळपट्टी करणाऱ्या पिचकारीनें व शिक्षण घेतलेल्या रंगाऱ्याकडूनच झाली पाहिजे. म्हणून घरच्या अंगणांत घासण्याचें काम खुशाल करावें; पण हे रंग घरीं फवारण्याचा मोह धरूं नये. आणि आपल्या गांवांतील एखाद्या गॅरेजांत पोरगेलासा कामगार तोंडाला रुमाल बांधून फवारतांना दिसला, तर भाव कमी का आहे याचा अर्थ आपणच लावावा. ती स्वस्ताई त्याच्या छातींतून वजा केलेली असते.

आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. स्वस्त रंग ही लुबाडणूक नव्हे, आणि चमत्कारही नव्हे. मोठ्या प्रमाणावर घेतलेला माल व वांटून घेतलेली जागा यांनीं जें वांचतें, तें खरोखरच वांचतें. परंतु तयारीचे दिवस कोणीतरी भरून द्यावेच लागतात. ते पैशानें भरा, स्वतःच्या हातांनीं भरा, किंवा भरूं नका आणि वर्षानंतर पोपडे गोळा करा. चौथा मार्ग नाहीं. पुतण्यास पहिल्या खेपेस हें कोणी सांगितलें नाहीं. तें ज्यास ठाऊक आहे, तो त्याच दुकानांतून, त्याच डब्यांतल्या रंगानें, चांगलें काम करून घेऊं शकतो.